संदर्भांची सनद : विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांविषयी काही निरीक्षणे

पदविका व पदवी स्तरावरील प्रकल्प अहवालांत संदर्भसूची मुळीच नाही, असे आता क्वचितच आढळते. सूची असते आणि बहुधा वर्णानुक्रमेही असते. आक्षेप आहे तो तिचा अहवालातील मजकुराशी काही संबंध नसण्याबद्दल. कोणते विधान कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पृष्ठावरून घेतले, हे वाचकाला शोधूनही सापडत नाही. लग्नपत्रिकेच्या तळाशी निमंत्रकांची नावे छापावीत तशी ग्रंथांची नावे शेवटी छापली जातात, आणि परीक्षकही ती तशीच वाचतो.

उदाहरणादाखल बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी घेऊ. तेथील मँगनीज खाणीवर प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला साधनांची वाण नाही. फर्मर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा ग्रंथ १९०९ चा आहे. सी. ई. लो यांनी संपादित केलेले बालाघाटचे जिल्हा गॅझेटियर १९०७ चे. पण फर्मर यांचा ग्रंथ हजाराहून अधिक पृष्ठांचा आहे. पृष्ठांक न देता केवळ ‘फर्मर, १९०९’ असे लिहिणे म्हणजे पत्त्यात फक्त जिल्ह्याचे नाव लिहिण्यासारखे आहे.

वर्षाचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९३८ मध्ये डन आणि रॉय यांनी तिरोडीच्या खाणीतील एका मँगनीजयुक्त अँफिबोल खनिजाला गावावरून ‘तिरोडाइट’ हे नाव दिले. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय नामकरणात ते नाव वगळण्यात आले. जुन्या पुस्तकात ते खनिज आहे, नव्या वर्गीकरणात नाही. साधनाचे वर्ष दिले नाही, तर विद्यार्थ्याचे विधान चूक की बरोबर हेच ठरवता येत नाही. खाणीच्या मालकीचेही तसेच. एक साधन सांगते की कंपनी १९६२ मध्ये सरकारकडे आली, दुसरे सांगते १९७७ मध्ये. दोन्ही बरोबर आहेत. १९६२ मध्ये मॉइल स्थापन झाली, तेव्हा केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्यप्रदेश ही राज्ये मिळून ५१ टक्के भागधारक होती. उरलेले ४९ टक्के भाग जुन्या ब्रिटिश कंपनीकडून १९७७ मध्ये घेण्यात आले. २०१० च्या अखेरीस समभाग जनतेसाठी खुले झाले, म्हणजे ‘संपूर्ण सरकारी कंपनी’ हे वर्णन १९७७ ते २०१० या काळापुरतेच खरे. ज्याने फक्त संकेतस्थळाचे नाव लिहिले, त्याच्या अहवालातून यांपैकी काहीही उमगत नाही.

आणखी एक घोटाळा संगणकावरच्या शोधामुळे होतो. तिरोडी हा शब्द टाकला की गोंदिया जिल्ह्यातील तिरोडाही समोर येतो, जेथे ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. राख, धूर आणि पाणी यांची माहिती मग सरसकट खाणीच्या नावावर चढते. त्यात गोंदिया हा जिल्हाच १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या साधनांत तिरोडा भंडारा जिल्ह्यात सापडेल. आपण कोणत्या गावाविषयी वाचत आहोत याची खातरजमा मूळ साधन उघडल्याशिवाय होत नाही, आणि नेमके तेच उघडले जात नाही.

आपल्या वाचकांना हा विचार परका वाटू नये. हदीसच्या अभ्यासात मजकूर, म्हणजे मत्न, कितीही सुंदर असला तरी सनद तुटलेली असेल तर मुहद्दिस तो सहीह मानत नाहीत. कोणी कोणाकडून ऐकले, दोघे एका काळात होते काय, रावीची स्मरणशक्ती कशी होती, हे तपासण्यासाठी अस्मा-उर्-रिजाल हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. मराठीत सनद म्हणजे हक्काचा कागद. अरबीतील शब्द तोच, मूळ अर्थ आधार. ज्या समाजाला हा वारसा आहे, त्याच्या महाविद्यालयांत ‘इंटरनेटवरून साभार’ एवढ्या शब्दांवर भागावे, हे खटकते.

याउलट शिक्षकांचा सगळा भर टक्केवारीवर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांचा हवाला देऊन ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. त्या विनियमांच्या व्याख्येतच प्रकल्प अहवाल वगळलेले आहेत, हे किती जणांनी मूळ कागद वाचून पाहिले? शिवाय साम्य मोजणारी संगणकप्रणाली फक्त शब्द जुळवते. शब्द बदलून उचललेला निराधार मजकूर तिच्या चाळणीतून सहज निसटतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र वेगळेच आहे. खाणीच्या गावातील विद्यार्थ्याच्या घरात किंवा शेजारी असा माणूस असतो, ज्याने तीस वर्षे खाणीत काम केले. हाताने खनिज फोडण्याचे दर, यंत्रे आल्यावर झालेला बदल, धुळीचा त्रास, हे सारे त्याच्याकडे आहे. पण पुस्तकात नाही म्हणून ‘संदर्भ होत नाही’ असे समजून विद्यार्थी ते गाळतो आणि त्याऐवजी कोणत्यातरी संकेतस्थळावरील दोन परिच्छेद उतरवतो. हा समज आपल्या वर्गांतूनच पसरला आहे. मुलाखत हे रीतसर साधन आहे. कोणाशी, कोणत्या तारखेला, कोठे, कोणत्या भाषेत बोलणे झाले आणि मराठी रूपांतर कोणी केले, एवढे लिहिले की ती तळटीप ग्रंथाच्या तोडीची होते. बोलणारा पोवारीत किंवा हिंदीत बोलला असेल, तर महत्त्वाचे शब्द त्याच्याच बोलीत ठेवावेत.

येथे एक सावधगिरी हवी. कामगार अजून नोकरीत असेल आणि धुळीविषयी किंवा मजुरीविषयी बोलला असेल, तर त्याचे नाव छापण्याआधी त्याची संमती घेतली पाहिजे. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेचा विकार जडू शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अशा विषयावर बोलणे कामगाराला महाग पडू शकते. संमती नसल्यास ‘कामगार क्र. ३, मुलाखत, तारीख’ अशी नोंद पुरेशी असते. नावांची यादी मात्र मार्गदर्शक शिक्षकाने स्वतःजवळ बंद लिफाफ्यात ठेवावी, अहवालाला जोडू नये.