गालावरचा माईक

बुलढाणा जिल्ह्यात शेगावपासून सिंदखेडराजापर्यंत हल्ली कुठेही कीर्तनाला बसा. बुवांच्या गालाशी बिनतारी माईकची बारीक दांडी आणि कमरेला डबी दिसण्याचा संभव फार. मी तिची निंदा करणार नाही. उभ्या माईकने बुवांना खुंट्याला बांधले होते. आता ते टाळकऱ्यांकडे वळतात, पावली खेळतात. दोन्ही हात अभिनयाला मोकळे. ‘जाणता राजा’ या १९८५ सालच्या महानाट्यात संवाद ध्वनिमुद्रित, नटांनी ओठ तेवढे हलवायचे. इथे निदान दम जिवंत आहे!

माझी तक्रार निराळी. बोंडी ओठांपासून सदा सारख्याच अंतरावर. बुवा पाठमोरे झाले, चार पावले मागे सरले, तरी आवाज आपला कानाशीच. विठ्ठलाला दुरून घातलेली हाक दुरून येतच नाही. त्यातून स्वर खाली आला, की यंत्रावरचा पोरगा बटण चढवतो. मग नामदेवाची कुजबूजही दवंडीसारखी ऐकू येते आणि धाप मृदंगावर मात करते. वास्तविक हा पोरगा साथीदारच. मृदंगवादक जसा बुवांच्या तोंडाकडे डोळे लावून असतो, तसे याने असावे. हा मोबाईलमध्ये!