कुलवृत्तान्ताची साधने आणि पेण-रोह्याचे बेने इस्रायल

मराठीतील कुलवृत्तान्तांची बांधणी ठरावीक साधनांवर झालेली आहे. मूळपुरुषाचे नाव, गोत्र, कुलदैवत, इनामाच्या सनदा आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्या आधाराने वंशवेल उभी राहते. यांतील बहुतेक साधने ज्यांच्या वाट्याला आलीच नाहीत, अशा घराण्यांचा वृत्तान्त कसा सिद्ध करावा, हा प्रश्न पेण, रोहे, अलिबाग या भागातील बेने इस्रायल समाजाच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. या विषयाच्या अभ्यासकास प्रथम हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या ‘द हिस्टरी ऑफ द बेने इस्रायल ऑफ इंडिया’ या ग्रंथाकडे वळावे लागते. १८९७ मध्ये पूर्ण झालेला हा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. समाजाचे रीतिरिवाज आणि स्मृती यांचा संग्रह या दृष्टीने त्याची योग्यता वादातीत आहे. परंतु तो समाजाचा इतिहास आहे, घराण्यांचा नव्हे. आणि हा भेद पुष्कळदा दृष्टिआड होतो.

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, ही समाजाची परंपरागत कथा होय. पूर्वजांचे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास झाले, असे किहीमकरांचे प्रतिपादन आहे. त्यानंतरच्या घटनांशी निगडित असलेला हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता, या गोष्टीवर त्यांचा मोठा भर आहे. परंतु एखादा सण आढळत नाही, एवढ्यावरून तो कधीच नव्हता असे सिद्ध होत नाही. दीर्घकाळ एकाकी राहिलेल्या समाजात तो विस्मृतीतही जाऊ शकतो. शिवाय सह्याद्रिखंडातील चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्राने किनाऱ्यावर आणलेली शवे चौदाच आहेत. या साम्यावरून कोणी कोणाची कथा उचलली हे ठरत नाही. मात्र चौदा ही संख्या शिरगणती म्हणून वापरता येत नाही, एवढे निश्चित. ही कथा मुख्यतः लिखित पुराव्याच्या अभावाचे स्पष्टीकरण करते. तिच्यावरून वंशावळ मांडणे म्हणजे अभावालाच पुरावा मानणे होय.

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. अमेरिकेच्या ग्रामीण भागात स्थायिक झालेल्या जर्मनांचे वंशज पूर्वजांचा शोध घेतात, तेव्हा जहाजावरील उतारूंच्या याद्या त्यांच्या हाती असतात, कारण १८२० पासून अशा याद्या देणे तेथे कायद्याने बंधनकारक होते. त्या याद्यांत पुष्कळदा प्रशिया किंवा बाडेन एवढाच उल्लेख असतो. गाव शोधावे लागते. कोकणात स्थिती नेमकी उलट आहे. जहाज केवळ कथेत आहे, पण गाव आडनावातच आहे. पेणकर, रोहेकर, कुंडलिकेच्या पैलतीरावरील अष्टमीवरून अष्टमकर, वाकरूळवरून वाकरूळकर, घोसाळ्यावरून घोसाळकर ही आडनावे या समाजात आढळतात.

तथापि आडनावाची साक्षही तपासूनच घेतली पाहिजे. ते कोठून आले हे सांगत नाही. कोठे राहिले एवढेच सांगते. शिवाय तेच ‘कर’कारान्त नाव त्याच गावच्या हिंदू घराण्याचेही असू शकते. म्हणून गावाला व्यवसायाची आणि व्यक्तिनामाची जोड द्यावी लागते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘शनिवार तेली’, ही ओळख अशा वेळी उपयोगी पडते. व्यक्तिनामांची द्विरूपताही तितकीच महत्त्वाची आहे. १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच समाजी हसाजी दिवेकर होत. एका कागदात एक रूप आणि दुसऱ्यात दुसरे आढळल्यास अनभ्यस्त संशोधक एकाच पुरुषाचे दोन पुरुष करील. मुंबई सैन्यात नोकरी केलेल्यांची दप्तरे वाचताना ही सावधगिरी अत्यावश्यक आहे.

हा केवळ पद्धतीचा प्रश्न नाही. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी आईच्या व आजीच्या वंशाची शक्य तितकी मागे चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. कोकणातील आडनाव पित्याकडून येते. विवाहानंतर स्त्रीच्या माहेरचे गाव तिच्या नावातून नाहीसे होते. म्हणजे जी साक्ष या साधनांत टिकतच नाही, नेमकी तीच मागितली गेली. पुराव्याच्या अभावाचा भार विवाहेच्छू तरुण-तरुणींवर पडला. निदर्शनांनंतर १९६४ मध्ये सरकारने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि सूचनांतून समाजाचे नाव वगळण्यात आले.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या, आणि त्यांचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असा अंदाज वर्तविण्यात आला. या निष्कर्षाने मूळ परंपरेतील पश्चिम आशियाई संबंधाला बळकटी येते. परंतु तोही समाजाविषयीच आहे. एखाद्या पेणकर वा रोहेकर घराण्याची पणजी कोणत्या गावची, हे त्यातून कळत नाही.

तेव्हा या घराण्यांचा वृत्तान्त नवगावच्या किनाऱ्यापासून पुढे न लिहिता हयात पिढीपासून मागे लिहिला पाहिजे: प्रथम सिनेगॉगांतील नोंदी, मग दफनभूमीतील हिब्रू व मराठी लेख, सैन्याची दप्तरे, आणि या सर्वांबरोबर स्त्रियांच्या माहेरांची स्वतंत्र नोंद. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. माहेरच्या आठवणीही तेथे गेल्या आहेत. त्या मराठीत सांगू शकणारी पिढी वृद्ध होत आहे. किहीमकरांनी समाजासाठी जे केले, ते घराण्यांसाठी करावयाचे असल्यास आरंभ याच साक्षीपासून झाला पाहिजे.