सरवा आणि वेस

निर्वासितांना मत नसते. त्यामुळे एखादा उमेदवार त्यांचा कैवार घेतो, तेव्हा त्या शब्दाचे फळ मतपेटीत येत नाही आणि म्हणूनच अशा उमेदवाराविषयी प्रथम आदर वाटतो. परंतु आदर म्हणजे परीक्षण नव्हे. या दृष्टीने जॉर्ज फर्नांडिस यांच्या कार्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

१९३० साली मंगळूर येथे जन्मलेला हा कॅथलिक तरुण बंगळूरच्या सेमिनरीतील शिक्षण सोडून मुंबईस आला. म्हणजे तो स्वतःच स्थलांतरित होता. टॅक्सीचालक व महापालिका कामगार यांच्या संघटनांत त्याचे नेतृत्व घडले. १९६६ साली मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध हाक उठली. पुढच्याच वर्षी दक्षिण मुंबईने स. का. पाटील यांना पराभूत करून या मंगळूरकरास लोकसभेत पाठविले. पुढे तिबेटी निर्वासितांची बाजू त्यांनी सातत्याने मांडली. १९८८ च्या दडपशाहीनंतर ब्रह्मदेशातून निघालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी दिल्लीतील आपल्या निवासस्थानी आसरा दिला आणि संरक्षणमंत्री झाल्यावरही तो मोडला नाही. अतिथिधर्माचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या राजकारणात क्वचितच सापडेल.

तथापि शास्त्र येथेच थांबत नाही. मराठी शास्त्रात परक्यासाठी ‘उपरी’ हा शब्द येतो. आपल्या जुन्या गावगाड्यातही मिरासदारासमोर उपरी असे. तो जमीन कसत असे, पण वतनाचा हक्क त्याला नसे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात शेतातील सरवा उपऱ्यासाठी राखलेला आहे. तो मालकाची भीक नव्हे, नियमाने ठरलेला वाटा आहे. रूथ मवाबी होती. बवाजाने तिला सरवा वेचू दिला, जेवू घातले; पण तेवढ्याने त्याचे कर्तव्य संपले नाही. तो गावच्या वेशीत गेला, दहा वडील माणसांना बसविले आणि तिचे स्थान सर्वांसमक्ष निश्चित केले. घरातील दया वेशीत नेली म्हणजे तिचा न्याय होतो.

फर्नांडिस यांच्या कार्यात उणीव दिसते ती येथेच. ते मंत्रिमंडळात असतानाच २००३ च्या जूनमध्ये भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे मान्य केले. त्याच वर्षीच्या नागरिकत्व दुरुस्तीने, आईबापांपैकी एक जरी बेकायदा स्थलांतरित असला तरी येथे जन्मलेल्या मुलास जन्माने मिळणारे नागरिकत्व नाकारले. आणि निर्वासित व बेकायदा स्थलांतरित यांत आमचा कायदा भेद करीत नाही. आघाडीच्या सरकारात एकट्या मंत्र्याचे चालत नाही, हे खरे. पण जो आसरा एका मनुष्याच्या पत्त्यावर अवलंबून असतो, तो पत्ता बदलला की संपतो. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही.

फर्नांडिस २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवी नागरिकत्व दुरुस्ती संमत झाली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून २०१४ अखेर आलेल्या सहा धर्मसमाजांना तिने वाट दिली. त्यांत ख्रिस्ती आहेत, मुसलमान नाहीत. ज्यांना फर्नांडिस यांनी घरात घेतले ते ब्रह्मी आणि ज्यांची बाजू मांडली ते तिबेटी, हे दोघेही त्या तीन देशांचे नसल्याने बाहेरच राहिले. यादीत आपले नाव आहे म्हणून गप्प राहण्याचा मोह आम्हां ख्रिस्ती लोकांना आहे. हा मोह धर्मगुरू व कॅटेकिस्ट बंधूंनी ओळखावा.

हे आम्ही ग्वाल्हेरच्या इंदरगंजातून लिहीत आहोत. या भागाचे लष्कर हे नावच दौलतराव शिंद्यांनी १८१० साली टाकलेल्या छावणीवरून पडले. त्या छावणीमागून मराठी घराणी आली, १९४७ नंतर सिंधी कुटुंबे आली. आज मिरासदार म्हणविणारे आपण काल उपरीच होतो. म्हणून उद्या उमेदवार दाराशी आला म्हणजे त्याच्या दयाळूपणाची चौकशी पुरे नाही. ‘रूथसाठी आपण वेशीत बसाल काय?’ हे त्यास विचारावे आणि प्रथम स्वतःस विचारावे.