राखीव कोअर आणि बोलीचे ध्वनिमापन : एका उपायाची चिकित्सा

एकाच लहानशा पट्टीवर बसविलेला रास्पबेरी पाय हा संगणक २०१२ मध्ये बाजारात आला आणि २०१५ मध्ये त्याला चार कोअरचा, म्हणजे चार स्वतंत्र गणनाविभागांचा, प्रोसेसर मिळाला. ध्वनीसारखी वेळेशी बांधलेली कामे अडखळू नयेत म्हणून या चारांपैकी एक कोअर इतर सर्व कामांपासून राखून ठेवावा, असा उपाय वारंवार सुचविला जातो. मालवण-कुडाळ परिसरातील बोलीचा प्रायोगिक अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हा उपाय कितपत स्वीकारावा, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘रिअल-टाइम’चे ‘वास्तविक काळ’ असे शब्दशः भाषांतर केले की, काम अतिशय वेगाने होते असा ग्रह होतो. वस्तुतः ही कल्पना वेगाची नसून मुदतीची आहे. म्हणून ‘समयबद्ध’ हा शब्द आमच्या मते अधिक अन्वर्थक ठरेल. समजा, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांपैकी एक होडी केवळ तातडीच्या प्रसंगासाठी बांधून ठेवली. तेवढ्याने तिचा वेग वाढत नाही. उलट इतर उतारूंचा खोळंबा होतो. लाभ एवढाच की, गरज पडताच ती हाताशी असते. राखीव कोअरचे मर्मही हेच आहे.

ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि ६४ नमुन्यांचा एक गट केला, तर दर १.३३ मिलिसेकंदांनी एक गट उचलावा लागतो. येथे सरासरी विलंब अत्यल्प असून भागत नाही. तासाभरात एकदाच जरी मुदत चुकली, तरी त्या ठिकाणी ध्वनीचा तुकडा गळू शकतो. सबब, या उपायाची परीक्षा सरासरीवर नव्हे, तर सर्वाधिक विलंबावर झाली पाहिजे.

भाषाशास्त्रज्ञाला याचे महत्त्व सहज पटेल. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये स्पर्शाचा स्फोट व घोषाचा आरंभ यांमधील अंतर अकरा भाषांत मोजले. त्यांत मराठीही होती. हे अंतर मिलिसेकंदांत मोजले जाते. घाटगे यांनी १९६५ मध्ये ‘कुडाळी’चे वर्णन प्रसिद्ध केले. त्या बोलीतील अल्पप्राण-महाप्राण भेद आज अशा मापनाने तपासावयाचा झाल्यास, गळलेले काही मिलिसेकंद निष्कर्षच बदलू शकतात. शिवाय कालरेषा आखडल्याची खूण आलेखात उमटेलच असे नाही.

तथापि, याच ठिकाणी या उपायाच्या पुरस्कर्त्यांची गफलत दिसते. केवळ ध्वनिमुद्रण करावयाचे असेल, तर गट ४,०९६ नमुन्यांचा करावा. मुदत सुमारे ८५ मिलिसेकंदांची होते आणि साधारणतः कोअर राखण्याचे कारण उरत नाही. बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज संस्कारित करून तत्क्षणी ऐकवावयाचा असेल, तेव्हाच लहान गट अपरिहार्य ठरतो. स्वतःचा आवाज सुमारे एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकू आल्यास वक्ता अडखळतो, हे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच निदर्शनास आणले होते. अशा प्रयोगात यंत्राचा स्वतःचा विलंब अल्प तर हवाच, पण स्थिरही हवा. अन्यथा अडखळणे वक्त्याचे की यंत्राचे, हे ठरविता येणार नाही.

अशा प्रयोगातही नुसता ‘आयसोलसीपीयूज’ हा निर्देश देऊन कार्यभाग साधत नाही. त्यामुळे लिनक्सचा शेड्यूलर सामान्य कामे त्या कोअरवर धाडीत नाही, एवढेच. ध्वनीचे काम आपण होऊन तेथे नेमावे लागते; उपकरणांचे इंटरप्ट दुसरीकडे वळवावे लागतात; घड्याळाची नियमित टिकटिक वेगळ्या निर्देशाने कमी करावी लागते. एवढे करूनही स्मृतीकडे जाणारा मार्ग सामाईकच राहतो. त्यात किनाऱ्यावरील उन्हाळ्याची भर पडते. बंद पेटीत प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की, हा संगणक आपला वेग आपोआप उतरवितो; राखीव कोअरही त्याला अपवाद नसतो. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांतही हा निर्देश कालबाह्य ठरवून ‘सीपीयूसेट’ वापरण्याची शिफारस केलेली आहे. समयबद्धतेसाठी दीर्घकाळ स्वतंत्रपणे वाढविलेली ‘प्रीएम्प्ट-आरटी’ ही व्यवस्था तर २०२४ मध्ये मूळ कर्नलमध्येच समाविष्ट झाली. प्रथम तिचा अवलंब करावा आणि तरीही मुदत चुकत असेल तरच चारांतील एक कोअर खर्ची घालावा, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

सारांश, हा उपाय त्याज्य नाही. परंतु त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. प्रबंधात ‘एक कोअर राखून ठेवला होता’ एवढीच नोंद पुरेशी मानू नये. प्रत्यक्ष प्रयोगाइतका काळ, प्रत्यक्ष प्रयोगाइतकाच भार देऊन आणि त्याच हवामानात ‘सायक्लिकटेस्ट’सारखी चाचणी चालवावी, तीत आढळलेला सर्वाधिक विलंब नोंदवावा आणि ध्वनिमुद्रणात किती वेळा खंड पडला तेही सांगावे. या नोंदींवाचून मांडलेल्या मापनावर बोलीविषयक सिद्धान्त उभारणे धाडसाचे होईल.