पडण्याआधीचा आव

दाराआड भलामोठा नकली पंजा स्प्रिंगवर ताणून धरलेला. हातात ट्रे घेऊन कुणीतरी बिनधास्त आत शिरतो, पंजा सुटतो आणि माणूस आडवा. 2010 च्या ‘जॅकॲस 3डी’ या चित्रपटातला हा प्रसंग. गोष्ट शून्य, संवाद नावापुरते. पण अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या क्षणात गालांवर लाटा उठतात, ट्रेमधलं सगळं हवेत पसरतं आणि त्याच्या डोळ्यांपर्यंत अजून काहीच पोहोचलेलं नसतं. हसू येतं ते या उशिरामुळे.

प्रकार बालिश आहेच, पण आजकालचा नाही. 1895 मध्ये ल्युमिएर बंधूंनी दाखवलेल्या एका फितीत पोरगा माळ्याच्या नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीत डोकावतो आणि पोरगा पाय उचलतो. सिनेमा जन्मला आणि लगेच त्याने एकाची फजिती केली. 1928 च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या मूकपटात घराची दर्शनी भिंत विनोदवीर बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते आणि खिडकीच्या चौकटीखाली नेमका उभा असल्याने तो वाचतो. भिंत सुमारे दोन टनांची, आजूबाजूला मोकळी जागा जेमतेम काही इंच. कीटन लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर आपटून घेत वाढला होता. आपण हसलो की प्रेक्षकांचं हसू आटतं, हे तो तिथेच शिकला. ‘जॅकॲस नंबर टू’च्या (2006) अखेरीस ‘जॅकॲस’चा म्होरक्या जॉनी नॉक्सव्हिलच्या मंडळींनी तीच भिंत पुन्हा पाडली. ही टवाळ टोळी आपलं घराणं ओळखून होती.

या कलेचा जीव पडण्यात कमी आणि पडण्याआधीच्या आवात जास्त असतो. 2002 च्या पहिल्या ‘जॅकॲस’पटात नॉक्सव्हिल भाड्याने गाडी घेतो, गाड्या एकमेकींवर आदळण्याच्या शर्यतीत तिचा चेंदामेंदा करतो आणि उरलेला सांगाडा गंभीर चेहऱ्याने परत करायला नेतो. आदळाआपट बघून करमणूक होते. हसून पुरेवाट होते ती त्या परत करण्याने.

रील्सनी नेमका हाच भाग कात्रीत घातला. पहिल्या दोन सेकंदांत माणूस आपटला नाही तर बघणारा निघून जाईल, या भीतीने आधीची फुशारकी गेली. मग तोच धक्का तीनदा, वर उसनं खिदळणं. तो उठला का, हे कळायच्या आत दुसराच कुणी तलावात. खरं तर उठून कपडे झटकणारा माणूस दिसला की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि मगच मोकळेपणाने हसता येतं. ते दृश्य कापलं की उरते निव्वळ मार लागल्याची गंमत.

दुसरी खोट शौर्याची. 2018 मध्ये चालत्या गाडीतून उतरून नाचण्याचं ‘किकी चॅलेंज’ जगभर पसरलं. तीन तरुणांनी ते धावत्या रेल्वेसोबत केलं आणि वसईच्या रेल्वे न्यायालयाने त्यांना तीन दिवस स्थानक साफ करायला लावलं. जीव टांगणीला लागला, हसू मात्र कुठेच आलं नाही. नाचणाऱ्याला आपण हिरो दिसतोय याची खात्री असली की विनोदाला शिरायला फटच राहत नाही. त्याच सुमारास तेलंगणातल्या लंबाडीपल्लीच्या ‘माय व्हिलेज शो’ या यूट्यूब वाहिनीने गाडीच्या जागी बैल आणले. चिखलणी करता करता दोघे जण बैलांना सोडून गुडघाभर चिखलात नाचू लागतात आणि बैल आपले चालत राहतात. अख्ख्या चॅलेंजची टर उडवायला एवढं पुरलं. धोका म्हणाल तर कपडे धुवायचा.

2021 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत दुधाच्या रिकाम्या क्रेटचा जिना रचून चढण्याचं वेड आलं. रचना म्हणून हे फार उजवं होतं. प्रत्येक पायरीला डळमळ वाढत जाते, खाली मित्रांचा गलका, वर चढणाऱ्याचा चेहरा हळूहळू बदलत जातो आणि कापायची सोय नाही. पण पडताना खाली गादी नव्हती. माणसं जखमी होऊ लागली, डॉक्टरांनी इशारे दिले आणि टिकटॉकने हे व्हिडिओ काढून टाकले. ते योग्यच झालं. मुरलेल्या माणसांनाही हे चुकत नाही. 2022 च्या ‘जॅकॲस फॉरेव्हर’मध्ये जादूगाराच्या वेषातल्या नॉक्सव्हिलला बैलाने उडवलं. मनगट आणि बरगडी मोडली, मेंदूत रक्तस्राव झाला. तिथे हसू घशातच अडकतं.

आता एआयने रचलेल्या मांजरी ऑलिंपिकच्या फळीवरून पाण्यात सूर मारतात. कुणालाच लागत नाही, परवानगी लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. पहिल्या दोन-तीन मांजरी पाहून हसू येतं. पण त्या पंजांना फळी निसरडी लागत नाही, उडीआधी कुणी बिचकत नाही, खाली कोणी ‘अरे, नको’ म्हणत नाही. पुढच्या मांजरीपर्यंत पाहणाऱ्याचा अंगठा स्क्रीनवर सरकलेलाही असतो.