‘क्वाइट’चा तोल

इंग्रजीतलं ‘क्वाइट’ हे क्रियाविशेषण आपल्याला ‘बऱ्यापैकी’ या अर्थानं भेटतं आणि बहुतेकांची ओळख तिथेच थांबते. पण हा शब्द शेजार पाहून बोलतो. ‘क्वाइट गुड’ म्हणजे बरं, ठीक. ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे साफ अशक्य. चांगुलपणाला पायऱ्या असतात, तिथे क्वाइट एखादी पायरी खाली उतरवतो. अशक्यतेला पायऱ्याच नाहीत, तिथे तो दार लावून कडी घालतो. क्रियापदांपाशीही हेच: ‘आय क्वाइट अग्री’ यात पूर्ण सहमती, ‘आय क्वाइट लाइक इट’ यात राखून केलेली पसंती. किती नाजूक कान आहे या शब्दाचा!

‘पूर्णपणे’ हाच त्याचा मूळ अर्थ. लॅटिन ‘क्विएटस’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो ‘मोकळा, बाकी फिटलेला’ या छटेनं. ‘क्वाएट’ आणि ‘क्विट’ ही त्याचीच भावंडं. १४व्या शतकापासून ‘क्वाइट’ हे क्रियाविशेषण वापरात आहे. मवाळ अर्थ मात्र पुष्कळ नंतरचा. जुना अर्थ नकारात आजही टवटवीत आहे. ‘नॉट क्वाइट रेडी’ म्हणणारी व्यक्ती जवळजवळ तयार असते. केसांवरून शेवटचा हात फिरवायचा तेवढा उरलेला असतो. दोन छोट्या शब्दांत ते एवढंसं अंतर नेमकं मावतं.

कागदावर न दिसणारी गंमत आघातात आहे. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट’वर जोर देऊन ‘क्वाइट गुड’ म्हणाला, तर पाठोपाठ ‘पण’ येणार हे ओळखावं. जोर ‘गुड’वर पडला की त्याच शब्दांत समाधान उमटतं. अमेरिकेत याच क्वाइटचा कल साधारणपणे ‘खूप’कडे असतो. म्हणून पत्रातलं ‘क्वाइट गुड’ लंडनच्या संपादकाचं की न्यूयॉर्कच्या, यावर लेखकानं किती खूश व्हायचं ते ठरतं.

‘क्वाइट अ फ्यू’ मात्र शेजाऱ्यालाच फिरवतो: ‘फ्यू’ म्हणजे थोडे, आणि अख्खा प्रयोग सांगतो पुष्कळ. ही उलटी उडी मला फार आवडते.

आणि संभाषणात कुणी पटण्याजोगं काही बोललं की ब्रिटिश माणूस नुसतंच म्हणतो, ‘क्वाइट.’ इथे आजूबाजूला विशेषण नाही, क्रियापद नाही. शेजार सुटताच शब्द आपल्या मूळच्या पूर्ण अर्थावर येतो: अगदी बरोबर.