नकाशातील कोरी जागा

प्रस्तरभंग दाखवणाऱ्या ढोबळ नकाशांत सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी गाविलगड प्रस्तरभंगाची रेषा असते. तिच्या दक्षिणेचा जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा बुलढाणा जिल्ह्यातील भाग बहुधा कोरा. विद्यार्थी त्याचा अर्थ 'सुरक्षित' असा घेतात. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही, नकाशाचा आहे.

हा पूर्णा नदीच्या जाड गाळाचा प्रदेश. खालचा खडक तुटलेला असला तरी गाळ ती खूण झाकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी उद्ध्वस्त झालेले किल्लारीही त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते.

म्हणून गाळच वाचायला हवा. नाल्याच्या उभ्या काठात वाळू-गोट्यांचा थर एकाएकी खाली सरकलेला दिसतो का? खालचे थर जास्त आणि वरचे कमी सरकले असतील, तर हालचाल अनेकदा झाली असावी. वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले हे मोजून थरांचे वय काढता येते.

मात्र घाई नको. काठ खचूनही थर सरकतात. काळी माती फुगते-आकसते, तेव्हा तिच्यातही घासलेले, गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतात. अशा खुणा अनेक ठिकाणी एका रेषेत मिळाल्या, तरच प्रस्तरभंगाचा विचार करावा.

नकाशाकारांनी गाळाचा प्रदेश निदान वेगळ्या छटेने दाखवावा. तोवर ती छटा शिक्षकांनी वर्गात खडूने भरावी आणि विचारावे: इथे रेषा का नाही?